माचाळवरून खेळण्याकडे

आज लांज्याहून जीप ठरवून घरचेच चौघे माचाळला गेलो. भांबेड, प्रभानवल्ली, खोरनिनको मागे पडलं आणि चढ लागताच हवा गार झाली. मुचकुंदीचा उगम इथलाच, मुचकुंद ऋषींची गुहाही इथलीच. माझी ओढ मात्र पलीकडच्या विशाळगडाची, म्हणजे जुन्या खेळण्याची.

गावातले एक दादा वाट दाखवायला आले. दरीतल्या रानात शिरलो आणि वाचलेलं सगळं अंगावर आलं. पंधराव्या शतकात बहमनी सरदार मलिक-उत्-तुजारने शिर्क्यांना हरवलं आणि धर्म बदल नाहीतर मर, असं बजावलं. शिर्के म्हणाले, आधी खेळण्याच्या शंकररायाला नमवा, वाट मी दाखवतो. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, पहिले दोन दिवस वाट सोपी होती. तिसऱ्या दिवशी असं रान लागलं की ऊनही आत येईना. रात्री शंकररायाची माणसं तुटून पडली. मलिकही मारला गेला.

तवारिखांनी याला दगा म्हटलं. मला ते पटत नाही. मानेवर तलवार असलेल्या माणसाकडे दुसरं काय उरलं होतं? त्याच्याकडे हे रान होतं, आणि ते त्याला पाठ होतं.

पुढे १७०२ मध्ये औरंगजेबाने हाच गड घेतला, त्याला सख्खरलना नाव दिलं; पण परतताना पावसाने आणि चिखलाने त्याच्या फौजेचे अतोनात हाल केले.

आज चढताना आमच्या धाकटीचा श्वास फुलला, तरी थांबायला तयार नव्हती. पुढच्या खेपेला पावनखिंड, हे तिनेच ठरवलं.