खोक्यातला स्वयंपाक

स्वयंपाकातलं सगळ्यात कष्टाचं काम कोणतं असं विचारलं, तर कोणी पोळ्या लाटणं म्हणेल, कोणी मेथी निवडणं म्हणेल. माझ्या मते ते काम म्हणजे ‘आज काय करू?’ हा प्रश्न. पोळ्या अर्ध्या तासात होतात. हा प्रश्न मात्र दिवसातून दोनदा येतो, शाळा असो की सुट्टी असो, आणि घरात कोणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं, “काहीही कर.” ‘काहीही’ नावाची भाजी मंडईत मला अजून कोणी विकलेली नाही.

तिकडे अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून विकतात. २०२२ साली आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने होतो, तेव्हा ही खोकी मी जवळून पाहिली. तयार जेवणाचा डबा म्हणाल तर तो नव्हे. खोक्यात सगळं सामान कच्चं असतं, पण मोजून दिलेलं. लसणाच्या दोन पाकळ्या, एक लिंबू, इवल्याशा पिशवीत अर्धा कप तांदूळ, चमचाभर मसाल्याची पुडी, आणि सोबत कृतीचं रंगीत कार्ड. चिरायचं आणि शिजवायचं आपणच. याला ते लोक मील किट म्हणतात. मीठ, मिरपूड, तेल आणि फार तर साखर-लोणी एवढंच आपल्या घरचं.

ही कल्पना अमेरिकेची नाही, स्वीडनची. २००७ मध्ये किकी थिआंडर नावाच्या बाईंनी तिथे ‘मिडाग्सफ्रिड’ नावाची कंपनी काढली. मुलाने मला त्या नावाचा अर्थ सांगितला, तो असा की ‘जेवणाच्या वेळची शांती’. मला हे नाव फार आवडलं. बाईंनी नेमकं दुखणं ओळखलं होतं! पुढे २०११ मध्ये बर्लिनमध्ये हॅलोफ्रेश आणि २०१२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ब्लू एप्रन निघाली. २०२० मध्ये करोनामुळे सगळे घरात बसले तेव्हा या धंद्याला उधाण आलं. ते ओसरलंही. २०१७ मध्ये ब्लू एप्रन शेअर बाजारात आली तेव्हा तिची किंमत १९० कोटी डॉलरच्या आसपास होती, ती २०२३ मध्ये सुमारे १०.३ कोटी डॉलरला विकली गेली. कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. पहिली खोकी भरपूर सवलतीत मिळतात म्हणून लोक घेतात, आणि सवलत संपली की दुसऱ्या कंपनीकडे जातात. आमच्या चिरंजीवांनीही तेच केलं. एकामागून एक तीन कंपन्यांची खोकी मागवली, आणि त्यामुळेच मला तुलना करायला मिळाली.

कंपन्यांची नावं इथे लिहीत नाही, कारण कुणाचं कौतुक आणि कुणाची निंदा करण्याचा हेतू नाही. शिवाय तीस वर्षं वर्गावर काढल्यामुळे मी त्यांना मनातल्या मनात माझीच नावं ठेवली होती. एक टापटीप, एक काटकसरी आणि एक आयती.

टापटीप ही वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी. प्रत्येक पदार्थाची वेगळी कागदी पिशवी, मांस-मासे असतील तर ते तळाला बर्फाच्या पिशव्यांखाली, कार्डावर सहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचा फोटो. एका ताटाला नऊ-दहा डॉलर आणि घरपोच आणण्याचे दहा वेगळे. काटकसरीचं ताट पाच-सहा डॉलरचं. सामान कमी, भाजी कमी, मसाला नावालाच, आणि कार्ड छापलेलंच नाही, कृती फोनवर वाचायची. आयती सगळ्यात महाग. तिचा कांदा चिरलेला, लसूण सोललेला, रस्सा तयार करून पिशवीत भरलेला. पंधरा मिनिटांत ताट पुढ्यात.

चवीचं म्हणाल तर तिघींनाही शंभरातले पन्नास. एकदा छोल्यांचा भारतीय म्हणवणारा पदार्थ आला होता, त्यात करी पावडर होती आणि बेदाणे होते. नातवाने आवडीने खाल्ला. मी लोणच्याची बाटली काढली.

सूनबाईंना त्या पुठ्ठ्याचा आणि बर्फाच्या पिशव्यांचा फार राग. ढीगच साठायचा. त्यावर मुलाने तिला मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१९ चा अभ्यास दाखवला. दुकानातून सामान आणून केलेल्या जेवणामुळे हवेत जाणारे घातक वायू किटच्या जेवणापेक्षा सरासरीने ३३ टक्के जास्त भरतात, असं त्यात निघालं आहे. किटमध्ये मोजकं येतं म्हणून वाया जात नाही, आणि फेकलेल्या अन्नामागे पुठ्ठ्यापेक्षा जास्त खर्ची पडलेलं असतं, असा हिशोब. सूनबाई म्हणाली, “मग तो ढीग तूच नेऊन टाक.” मला दोघांचंही पटलं.

असो. मी या खोक्यांकडे बघत होते ते वेगळ्याच कारणाने.

हे वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनियर. तेव्हा वय सत्त्याहत्तर. घरातला फ्यूज, नळ, मिक्सर सगळं दुरुस्त करतील, पण स्वयंपाकघरात यांची धाव चहापर्यंत. यात यांचा दोष मी धरत नाही. आमच्या पिढीत कोणी शिकवलं नाही आणि मी कधी ओट्याशी उभं केलं नाही. पण सत्तरी उलटलेल्या आम्ही बायका भिशीला जमलो की एक विषय निघाल्याशिवाय राहत नाही. मी आधी गेले तर ह्यांच्या जेवणाचं काय? आमच्या इमारतीतले एक गृहस्थ चार वर्षं डब्यावर आहेत. डबा चांगला आहे, वेळेवर येतो. पण त्यांना बुधवारी बटाट्याची भाजी का खायची आहे, याचं उत्तर त्यांच्या हातात नाही.

म्हणून टापटीपचं दोन माणसांचं खोकं एकदा मी ह्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, “अहो, हे कार्ड जरा वाचून बघा.” मी शेजारी खुर्ची घेऊन बसले. हात लावायचा नाही असं ठरवलं होतं.

कार्ड म्हणजे ह्यांच्या ओळखीची गोष्ट निघाली. प्रयोगवहीच ती. साहित्य, कृती, आकृती. ह्यांनी आधी सगळ्या पुड्या कार्डावरच्या क्रमाने मांडल्या, मग घड्याळ काढून ठेवलं. गाजर ‘पाव इंच जाड’ असं लिहिलं होतं तर नातवाची पट्टी मागून घेतली! एकच ठिकाणी गाडी अडली. बाकी सगळ्याचं माप दिलेलं आणि मिठापुढे मात्र ‘चवीनुसार’.

“चवीनुसार म्हणजे किती?”

“चाखून बघा.”

“शिजायच्या आधी कसं चाखणार?”

प्रश्न बरोबर होता. पन्नास वर्षांत मला तो पडला नाही, कारण माझा हातच मीठ घालतो, मी घालत नाही.

काटकसरीच्या खोक्याशी ह्यांचं जमलं नाही. फोनचा पडदा मिनिटामिनिटाला विझायचा, आणि ओल्या बोटाला दाद द्यायचा नाही. चष्मा कपाळावर, हात पिठात, असा प्रकार. छापलेलं कार्ड ही म्हाताऱ्या माणसासाठी चैन नाही. एका खोक्यात तर लिंबूच आलं नव्हतं. तक्रार केल्यावर काही डॉलर परत मिळाले, पण ज्याला अंदाज नाही त्याने लिंबाऐवजी काय घालावं हे कार्डावर कुठे लिहिलेलं असतं? मी खुर्चीवरून न उठता म्हटलं, दही घाला.

आयती ह्यांना सगळ्यात आवडली आणि माझ्या लेखी ती नापास. पिशव्या कापून ओतणं यापलीकडे तिने काही शिकवलं नाही. पण हेही लिहायला हवं की ज्यांची बोटं आखडली आहेत, सुरी धरवत नाही, त्यांच्यासाठी तिच्याइतकी सोय दुसरी नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचं जे चाललं आहे ते बघता, मीही तिला कायमची नापास करणार नाही.

आणि एक गोष्ट तिघींची सारखी होती. कमीत कमी दोन माणसांचं खोकं. एकाचं नाहीच. मुलाला विचारलं तर म्हणाला, “आई, एकासाठी पाठवणं त्यांना परवडत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं खायचं.” ज्याला खरी गरज त्याच्यासाठी माप नाही, हे मला तेव्हापासून टोचत राहिलं.

परत आल्यावर पुण्यात तसं काही मिळतं का ते बघितलं. आमच्या कोथरूडात पाच मिनिटांच्या अंतरात तीन पोळीभाजी केंद्रं आहेत. मेसचे डबे आहेत, स्वयंपाकाच्या मावशी आहेत, निवडलेली मेथी आणि सोललेला लसूण आहे. इडली-ढोकळ्याची तयार पिठं तर १९६३ पासून पुण्याच्याच गिट्सची आहेत. पण मोजून दिलेलं कच्चं सामान आणि कृतीचं कार्ड, असं काही माझ्या बघण्यात आलं नाही. विचार केल्यावर वाटलं, आपल्याकडे त्याची निकड नाही. तिकडे कोथिंबिरीच्या चार काड्या हव्या असल्या तरी अख्खी जुडी घ्यावी लागते, चमचाभर सॉससाठी बाटली घ्यावी लागते, आणि मग ते फ्रिजमध्ये कुजतं. इथे भाजीवाला पावशेर वांगी तोलून देतो आणि वर दोन मिरच्या फुकट टाकतो. सामानाचं माप आपल्याकडे रस्त्यावरच मिळतं. आणि कष्ट नको असतील तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातची पोळी विकत मिळते. राहिला तो प्रश्न शिकण्याचा, त्याचं दुकान कोणी काढलेलं नाही.

कुणी म्हणेल, मग पुस्तकं आहेत की. आहेत. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने माझ्यासारख्या कितीतरी नव्या नवऱ्यांचा, म्हणजे नवऱ्या मुलींचा, संसार तिने सावरला. माझी प्रत हळदीने पिवळी झाली आहे. पण पुस्तक उघडणाऱ्याला आधी काय करायचं ते ठरवावं लागतं, मग डबे शोधावे लागतात, मूगडाळ आणि तूरडाळ वेगळी ओळखावी लागते. ह्यांची गाडी तिथेच थांबते.

तेव्हा आता मीच खोकी भरते आहे. जुने प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येकात एका पदार्थाचं कोरडं सामान मोजून, मसाल्याच्या पुड्या वेगळ्या, आणि झाकणाच्या आत मोठ्या अक्षरातलं कार्ड. सगळं एका माणसाचं. आतापर्यंत अकरा झाले. खिचडी, आमटी, पिठलं, दडपे पोहे, उपमा, असंच साधंसुधं.

हे करताना कळलं की एकाचं माप म्हणजे दोघांच्या मापाचं निम्मं नसतं. खिचडीला दोघांना चार वाट्या पाणी लागतं तर एकाला दोन पुरत नाही, अडीच लागतं, कारण वाफ जायची तेवढी जातेच. फोडणीचं तर फारच अवघड. अर्धा चमचा तेल कढल्याच्या तळाला पसरून बसतं आणि मोहरी तडतडायच्या आधी करपते. त्यासाठी बोहारणीकडून एक अगदी छोटी लोखंडी पळी घेतली, ती आता डबा क्रमांक दोनमध्ये ठेवली आहे.

हे सगळं कशासाठी चाललं आहे ते ह्यांना कळतं. त्यावर आम्ही बसून बोललो वगैरे नाही. एकदा मात्र पिठल्याच्या गुठळ्या मोडता मोडता हे म्हणाले, “अगं, आणि मी आधी गेलो तर?” मी म्हटलं, “तर हे डबे मला.” ते थट्टेने म्हटलेलं नव्हतं. एकट्या राहिलेल्या माझ्या मैत्रिणी मी बघते. हातात एवढी कला असून रात्री दूध-पोहे खाऊन झोपतात. एकटीसाठी कोण कुकर लावणार, म्हणतात. त्यांनाही कुणीतरी डबा भरून पुढ्यात ठेवायला हवा.

सध्या दर गुरुवारी संध्याकाळी ओटा ह्यांचा. एकाचा डबा दोघांत खायचा, म्हणून मी सोबत दोन पोळ्या करून ठेवते. मिठाचा वाद मिटला आहे, कारण सगळ्या कार्डांवर मी आता चमच्यात लिहिलं आहे. हे वाचून कुणाला आणखी पदार्थ सुचले तर जरूर कळवा. फक्त नारळ खवावा लागेल असे नकोत.

कालच बघितलं, आमटीच्या कार्डावर मी ‘गूळ, सुपारीएवढा’ असं लिहिलं होतं. ह्यांनी ते लाल पेनने खोडून ‘८ ग्रॅम’ केलं आहे.