'कॅन्झन' : एका विशेषणाचे वारस

गावाच्या नावापुढे 'ई' जोडली की मराठीत विशेषण सिद्ध होते : सोलापुरी, कोल्हापुरी, नागपुरी. अशी विशेषणे कालांतराने आपल्या गावापासून सुटतात. कोल्हापुरी चप्पल अथणीला घडते आणि तरीही ती कोल्हापुरीच राहते. वस्तूंच्या बाबतीत हे आपल्या अंगवळणी पडले आहे. मात्र प्रदेशाचे विशेषण एखाद्या वस्तूला न लावता काळाला लावले, तर त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आम्हांस 'कॅन्झन' या शब्दाने पाडला.

अमेरिकेतील कॅन्झस राज्याचा रहिवासी तो कॅन्झन. भूविज्ञानाच्या जुन्या पुस्तकांत मात्र 'कॅन्झन' हे एका हिमयुगाचे नाव आहे. 1890 च्या दशकात टी. सी. चेंबरलिन यांनी ते रूढ केले. पुढे उत्तर अमेरिकेच्या हिमयुगांची चौकडी पक्की झाली : नेब्रास्कन, कॅन्झन, इलिनॉयन आणि विस्कॉन्सिनन. चारही नावे राज्यांवरून आलेली. वास्तविक बर्फ कॅन्झसच्या केवळ ईशान्य कोपऱ्यापर्यंत पोहोचले होते, उरलेले राज्य कोरडेच राहिले. परंतु आयोवातील मातीगोट्यांच्या थरालाही कॅन्झन म्हणण्यात कोणाला विसंगती वाटली नाही.

असे घडणे आपल्याकडेही अपरिचित नाही. ओडिशातील तालचेर येथे 1856 मध्ये प्राचीन हिमनद्यांच्या खुणा ओळखल्या गेल्या. पुढे चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी हिमनदीने ओरखडलेला खडक सापडला, तेव्हा त्याच्याशी निगडित थरही 'तालचेर'च्याच नावे नोंदले गेले. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या बर्फाला ना ओडिशा ठाऊक होते, ना विदर्भ.

तालचेरचे नाव टिकले, कॅन्झनचे टिकले नाही. त्याचे कारण ज्वालामुखीची राख. मध्य अमेरिकेच्या मैदानांत सापडणारा राखेचा एक थर कालगणनेचा खुंटा मानला जात असे. त्याच्या वरखाली काय आहे, यावरून युगे ठरत. 1970 च्या दशकात राखेचे वय मोजले गेले आणि तो थर एक नसून यलोस्टोनच्या निरनिराळ्या उद्रेकांतले थर आहेत, हे उघड झाले : एक सुमारे 21 लाख वर्षांपूर्वीचा, दुसरा 13 लाख, तिसरा 6 लाख 40 हजार. खुंटाच उखडल्यावर त्याला बांधलेली युगे कशी उभी राहणार? दोन हिमयुगे मानली होती, तेथे अनेक निघाली. अखेर 1980 च्या दशकात नेब्रास्कन आणि कॅन्झन ही दोन्ही नावे मोडीत निघाली. आता त्या साऱ्या काळास 'इलिनॉयपूर्व' म्हणतात. चुकलेला शब्द शास्त्राने परत केला. आमच्या वाङ्मयीन कालखंडांना लावलेली नावे आम्ही इतक्या सहजपणे परत करू का, अशी शंका येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

पण परत केला तो कोणाला? कॅन्झसकरांना, असे उत्तर सुचते. ते अपुरे आहे. राज्याला हे नाव मिळाले ते नदीवरून, आणि नदीला मिळाले ते कान्झा अथवा कॉ या मूलनिवासी समाजावरून. या नावाचा अर्थ सामान्यतः 'दक्षिण वाऱ्याचे लोक' असा सांगितला जातो. दक्षिण वाऱ्याच्या लोकांचे नाव उत्तरेकडून आलेल्या बर्फाला मिळावे, हा योगायोग विलक्षण खरा. त्याहून कठोर गोष्ट अशी की, या लोकांना 1873 मध्ये कॅन्झसबाहेर, आजच्या ओक्लाहोमात, धाडण्यात आले. नाव मागे राहिले, आणि पुढे वीसएक वर्षांत ते हिमयुगाला चिकटले.

त्या हिमनदीने उत्तरेकडून, सू प्रदेशातून, तांबूस क्वार्ट्झाइटचे प्रचंड गोटे कॅन्झसमध्ये वाहून आणले. त्यांतील वीस टनांहून जड असा एक पाषाण कॉ लोकांना पवित्र होता. 1929 मध्ये लॉरेन्स शहराच्या 75 व्या वर्षानिमित्त तो मूळ जागेवरून उचलून एका उद्यानात मांडला गेला आणि त्यावर शहर वसवणाऱ्यांच्या नावांचा फलक ठोकला गेला. म्हणजे ज्यांचे नाव घेतले, त्यांचा दगडही घेतला. 2021 मध्ये शहराने त्याबद्दल क्षमा मागितली, आणि 2024 मध्ये तो पाषाण कौन्सिल ग्रोव्हजवळ, कॉ लोकांच्या स्वतःच्या भूमीवर पोहोचला.

विशेषणाला व्याकरणात लिंग असते, वचन असते, मालक नसतो. वर्गात आम्ही इतकेच शिकवतो आणि ते बरोबरच आहे. तथापि ते विशेषण कोणाच्या नावातून निघाले, एवढे विचारण्याची सोय व्याकरणाने ठेवलेली नाही, म्हणून ती वाचकाने ठेवावी. हिमयुगाला कॅन्झन हा शब्द सोडताना एक पाठ्यपुस्तक बदलावे लागले. दगड परत करण्यास मात्र त्यानंतरही सुमारे चाळीस वर्षे लागली.