मातीला भाषा लागत नाही

तीन वर्षांच्या मुलाला शाळेत घालताना आपण त्याच्या डब्याचा विचार करतो, गणवेशाचा करतो, रिक्षावाल्याचाही करतो. पण ते मूल तिथे कोणत्या भाषेत रडणार आहे, त्याला तहान लागली तर ते कोणत्या भाषेत सांगणार आहे, याचा विचार फारसा कुणी करत नाही.

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न जुनाच. होळकरांच्या काळापासून तिथे रुजलेली कुटुंबे आहेत ही. घरात मराठी, तीसुद्धा 'मी जेवून राहिलो आहे' अशा खास इंदुरी वळणाची. दाराबाहेर हिंदी, बाजारात कानावर पडणारी माळवी, आणि आता बऱ्याच शाळांत पहिल्या दिवसापासून इंग्रजी. आम्हा गोवेकरांना यात नवल वाटायला नको. आमच्याकडे घरात कोंकणी, वर्तमानपत्रात मराठी, आणि शाळेत कोणती, यावर तर आपण मोर्चेसुद्धा काढले!

माझी मावसबहीण लग्न होऊन इंदूरला गेली त्याला आता चाळीस वर्षे होतील. मागे तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा तिचा नातू नुकताच नर्सरीत जाऊ लागला होता. घरात अखंड बडबड करणारा पोर. पण शाळेतून निरोप आला, 'तुमचा मुलगा बोलतच नाही.' सून रडकुंडीला आलेली. मावसबहीण मात्र म्हणाली, "अगं, त्याने बोलावं असं तिथे आहे काय? बाकावर बसवतात आणि चित्र दाखवून ॲपल म्हणायला लावतात. त्याला ते सफरचंद दिसतं. मग तो गप्प बसतो."

त्या संध्याकाळी मी त्याला खाली घेऊन गेले. शेजारी घराचे बांधकाम चालू होते, बाहेर वाळूचा ढीग. त्यावर तीन-चार मुले आधीच चढलेली, एक सिंधी घरातले, एक वॉचमनचे. आमचा हा आधी लांबून बघत उभा राहिला. मग बोगदा खणायला बसला. अर्ध्या तासात 'पानी डाल', 'और गहरा', 'अरे पडलं ना!' असे मराठी-हिंदी सगळे एकत्र सुरू झाले. शाळेत मुका ठरलेला मुलगा तिथे मुकादम झाला होता.

मला वाटते, फरक इथेच आहे. वर्गात शब्द आधी येतो आणि वस्तू नंतर, तीही चित्रातली. खेळात वस्तू आधी हातात येते आणि शब्द तिच्या मागून चालत येतो. ओली वाळू मुठीत असताना ऐकलेला 'गीला' हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. शिवाय नव्या भाषेत पडलेली बरीच मुले सुरुवातीला काही महिने गप्प राहून फक्त ऐकतात, हे भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. तेवढा काळ मुलाला शब्दांशिवाय सामील होता येईल असे काहीतरी हवे. खेळ तेच तर देतो!

गंमत म्हणजे ही गोष्ट इंदूरला कुणी नव्याने शिकवावी असे नाही. तिथले शालिनीताई मोघे हे नाव आपल्याकडे कमी लोकांना ठाऊक आहे. घटना समितीचे सदस्य असलेल्या वि. सी. तथा तात्या सरवटे यांची ही कन्या. इंदूरचे सरवटे बसस्थानक त्यांच्याच नावाचे. शालिनीताईंनी 1947 साली बालनिकेतन संघ सुरू केला, 1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2011 साली त्या गेल्या, तोवर त्यांचे सारे आयुष्य बालशिक्षणातच गेले.

त्याच सुमारास इकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम उभे राहत होते. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुलांची बोली वेगळी, बाईंची मराठी वेगळी. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' या शब्दाचा जन्म असा आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. साधने कोणती? शिंपले, खडे, बिया, पाने. मुलांच्या ओळखीच्या वस्तू असल्या की बाईंची अनोळखी भाषा निम्मी सोपी होते.

आणि माळव्याच्या मातीत तर याहूनही जुनी एक शाळा भरते, संजा नावाची. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत लहान मुली भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढतात आणि ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात. सप्तमीला स्वस्तिक, ज्याला तिथे सातिया म्हणतात, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, आणि शेवटी किलाकोट. शेजारणी-शेजारणी जमून गाणी म्हणतात. मोजणे, आकार, बोटांचे वळण, ताल, तिथी असे सारे त्यात आहे, पण 'आता आपण गणित शिकू या' असे कुणी म्हणत नाही. आमच्या गोव्यात मे महिन्यात काजूच्या बिया ओळीने मांडून लांबून नेम धरायचो, तेव्हा जिंकलेल्या बियांचा हिशोब कुणाचा चुकत होता का?

पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो, "हे ठीक आहे हो, पण लिहायला कधी शिकणार?" प्रश्न रास्त आहे. फी भरणाऱ्याने विचारायलाच हवा. उत्तर असे की, पेन्सिल धरायला मनगट आणि बोटे तयार व्हावी लागतात. माती मळणे, मणी ओवणे, एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात न सांडता ओतणे, ही त्याचीच तयारी. आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही आहे, त्यालाच लिहावेसे वाटते. ते सांगण्यासारखे काही बाकावर बसून कुठून येणार?

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षण आणि घरची भाषा यांवर भर दिला. गोव्यात 2023-24 पासून पायाभूत स्तरावर त्याची सुरुवातही झाली. 2023 मध्ये 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची पेटीही आली. चांगलेच झाले. मला भीती आहे ती एवढीच, की पेटी कपाटात जाईल, किल्ली मुख्याध्यापिकेकडे राहील, आणि 'खेळाचा तास' वेळापत्रकात साडेदहा ते अकरा असा चौकटीत बसेल. माहितीपत्रकात हिरवळीचे फोटो छापणाऱ्या काही शाळांत तर त्या हिरवळीवर पाय ठेवायला मुलांनाच बंदी असते!

खेळायला फार खर्च लागत नाही. थोडी सावली, माती, पाणी आणि मुलाचे कपडे मळले तर न ओरडणारी घरची माणसे लागतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मूल कोणत्याही भाषेत बोलले तरी 'हो का?' म्हणून त्याच्याजवळ उकिडवी बसणारी बाई लागते. ती मात्र कुठल्याच पेटीतून येत नाही, तिला वेळ द्यावा लागतो, पगार द्यावा लागतो आणि वर्गात पन्नास मुले कोंबून चालत नाही.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये शाळा बघायला जाल तेव्हा संगणक किती आहेत हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. मुले रोज किती वेळ उघड्यावर असतात? आणि आमचे मूल आमच्या भाषेत काही बोलले, तर ते कुणाला कळेल?