हिंदमाताचा शेजार : सोयी आणि गैरसोयी

मुलाला किंवा मुलीला परळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात आणि पाठोपाठ प्रश्न उभा राहतो, राहायचे कुठे? दादर आणि परळ यांच्या मधोमध, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर हिंदमाता हा भाग आहे. एका जुन्या सिनेमागृहावरून हे नाव रूढ झाले. इथे राहण्यात लाभ काय आणि त्रास काय, ते पाहू या.

पहिला लाभ म्हणजे सारे काही हाकेच्या अंतरावर. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचे. आपल्या गोठ्यातली जनावरे ज्यांच्या हातांनी बरी होतात, असे कितीतरी डॉक्टर तिथे शिकले. के. ई. एम. रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय 1926 पासून, तर कर्करोगाचे टाटा रुग्णालय 1941 पासून चालू आहे. मुलगा परळला शिकत असला, की घरच्या आजारी माणसाला तिथे नेताना ओळखीचा आधार मिळतो. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळाही आहे. लग्नाचा बस्ता बांधायला हिंदमाताची कापडाची दुकाने आहेतच.

आता दुसरी बाजू. हिंदमाताची जमीन बशीसारखी खोलगट. सखल वावरात जसे वरच्या बांधांचे पाणी उतरते, तसे चहूकडचे पाणी इथे येते. त्यातच समुद्राला भरती असली की गटारांतले पाणी बाहेर पडत नाही. पाणी उपसण्यासाठी पंप बसवले, 2021-22च्या सुमारास जमिनीखाली मोठ्या टाक्याही बांधल्या. त्यामुळे निचरा लवकर होतो. तरी मोठ्या पावसात पाणी साचणे पुरते थांबलेले नाही. तळमजल्यावरच्या खोलीत पुस्तके, अंथरूण, धान्य सारेच भिजते.

दुसरा त्रास जागेचा. एके काळी एका गावचे गिरणी कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि त्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. भाडे सामान्य शेतकऱ्याला जड जाते. रस्त्यावर वाहनांचा गोंगाट रात्रीही ऐकू येतो. गावच्या शांततेत वाढलेल्या मुलाला सुरुवातीला झोप लागत नाही.

अमेरिकेत आयोवा राज्यात एम्स नावाचे लहान शहर आहे. भोवती मका आणि सोयाबीनची शेते, मध्ये विद्यापीठ. तिथली पशुवैद्यक शाळा 1879 सालची. रस्ते मोकळे, शहर शांत; पण हिवाळ्यात बर्फ, आणि सुट्टी लागून विद्यार्थी घरी गेले की गाव ओस. सोयीबरोबर गैरसोय तिथेही आहेच. हिंदमाताला मात्र सुट्टी लागली तरी वर्दळ कमी होत नाही.

मग करावे काय? आधी कॉलेजच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. नंतर गावात चौकशी करावी. कोकण आणि घाटावरच्या काही गावांच्या सामाईक खोल्या लालबाग-परळ भागात अजून आहेत. भाड्याची खोली घ्यायचीच झाली, तर ती पावसाळ्यात पाहावी आणि वरच्या मजल्यावरची घ्यावी. मागच्या पावसाळ्यात पाणी कुठवर चढले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे.

मुलाच्या शिक्षणाच्या वर्षांपुरता हा शेजार फार मोलाचा आहे. मात्र त्याच्या सोबतीसाठी म्हणून सारे घर तिकडे हलवण्याची, त्यापायी वावर विकण्याची घाई करू नये. शिक्षणाची चार-पाच वर्षे बघता बघता सरतात. विकलेली जमीन परत मिळत नाही.