रक्त जातं कुठं?

‘या आजारात असं होतंच.’ डॉक्टरांचं हे वाक्य आठवलं की अजूनही अंगाची आग होते.

एचआयव्ही निघाला, त्यावरची औषधं म्हणजे एआरटी सुरू झाली, सीडी-4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, पन्नासच्या खाली होता. हिमोग्लोबिन साडेतीनवर आलं. एआरटीतल्या झिडोवुडिन या औषधामुळे रक्त कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी ते बदललं. ते बरोबरच केलं. तरी रक्त वाढेना. लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट, सगळं झालं. पिशवी चढवली की थोडे दिवस जिना चढता यायचा, मग पुन्हा धाप.

दर पिशवीला ‘बदली रक्तदाता आणा’. माझा भाऊ कामावरच्या मुलांपुढे हात जोडायचा. ताईला काय झालंय म्हणून ती विचारायची. याने कधी ऑपरेशन सांगितलं, कधी अपघात. खरं सांगितलं असतं तर आमच्या दारात कोण उभं राहिलं असतं? शेवटी एकाने विचारलंच, ‘अरे, एवढं रक्त जातं कुठं?’ भाऊ गप्प. हा प्रश्न त्या पोराला पडला, दवाखान्यात कुणालाच पडला नाही!

रक्त कुठंच जात नव्हतं, ते तयारच होत नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरबाईंनी रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या तांबड्या पेशी, मोजायला लावल्या. जवळजवळ शून्य. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मात्र ठीक. कारण निघालं पार्व्होव्हायरस बी-19. लहान मुलांच्या गालांवर लाल पुरळ उठवणारा हा विषाणू मज्जेत तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींनाच मारतो. निरोगी शरीर अँटिबॉडी तयार करून त्याला हुसकावतं. माझ्यात त्या होतच नव्हत्या, म्हणून अँटिबॉडीची चाचणी निगेटिव्ह आली. विषाणू सापडला पीसीआरमध्ये. मग इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, वजनाच्या किलोमागे 0.4 ग्रॅम, रोज सलाइनसारखं, पाच दिवस. रक्त वाढायला लागलं.

हा विषाणू 1975 पासून माहीत आहे. एचआयव्हीत तो असा ठाण मांडतो आणि त्यावर उपचार आहे, हे 1990 मध्येच छापून आलंय. मग मला खजूर का खायला लावला? ज्यांना वारंवार रक्त लागतं त्यांनी रेटिक्युलोसाइटची तपासणी मागून घ्यावी. साधी तपासणी आहे.

‘असं होतंच’ म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांनी एका रात्री दाता मिळेना तेव्हा स्वतःचं रक्त दिलं होतं. माणूस वाईट नव्हता. तरी माझा राग जात नाही.

सीडी-4 वाढेपर्यंत हा विषाणू उलटू शकतो, म्हणून एआरटीची गोळी चुकवायची नाही. ते माझ्या हातात आहे. इम्युनोग्लोब्युलिनसाठी मात्र आईच्या पाटल्या मोडल्या. जिच्या आईकडे पाटल्या नाहीत, तिने काय करायचं?