शेकोटीतला बंद डबा



बियाणे कोणते घ्यावे, खताचा हप्ता केव्हा द्यावा, करपा कसा ओळखावा, हे सांगण्यात माझी उमर गेली. बांधावर उभे राहून दुसऱ्याला सल्ला देणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. आज मात्र सल्ला देण्याआधी एक कबुली द्यायची आहे. माझ्या हातून एका लेकराचा गाल आणि मान भाजली होती. तीही अज्ञानातून नव्हे, तर मला सगळे कळते या समजुतीतून.

गोष्ट १९९८ सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. बी.एस्सी. (ॲग्री) होऊन नाशिक जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून लागलो होतो. निफाडकडची थंडी तुम्ही ऐकून असाल. द्राक्षाचा घड भरत असताना पारा खाली घसरला की मणी फुगायचे थांबतात, तडे जातात, वर्षाची मेहनत मातीला मिळते. म्हणून त्या दिवसांत बागाईतदार रात्र-रात्र जागतात. ओळींमधून शेकोट्या पेटवतात, विहिरीचे पाणी सोडतात, कारण विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते.

अशाच एका रात्री मी एका बागेत मुक्कामाला होतो. बागेच्या मालकांना सारा गाव अण्णा म्हणे. अण्णा, त्यांची म्हातारी आई, दोन गडी आणि अण्णांचा अकरा वर्षांचा धाकटा मुलगा, असे आम्ही शेकोटीभोवती बसलो होतो. पोराला शाळा होती, पण तो हट्टाने आला होता. त्याचे कारण त्याच्या मांडीवर होते. अण्णांचा पुतण्या फौजेत. सुट्टीवर आला तेव्हा त्याने भाजीचा एक सीलबंद डबा आणला होता. "आम्ही बर्फात हेच गरम करून खातो," एवढे सांगून तो गेला. गरम कसे करतात ते त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. पोराने तो डबा महिनाभर जपून ठेवला होता. साहेब येणार त्या रात्री उघडायचा, असे त्याच्या मनात होते.

पातेले मळ्यातल्या घरी राहिले होते. मी म्हणालो, "त्यात काय, डबा पत्र्याचाच आहे. ठेवा निखाऱ्यावर."

अण्णा जरा घुटमळले. "साहेब, फुटायचा नाय ना?"

मी हसून म्हणालो, "अण्णा, मी बी.एस्सी. झालोय."

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. डब्यावर इंग्रजीत काही सूचना छापलेल्या होत्या. त्या वाचता येणारा तिथे मी एकटाच, आणि मी वाचल्या नाहीत.

पंधरा-वीस मिनिटांनी डब्याचे झाकण टम्म वर आले, तव्यावरची भाकरी फुगते तसे. तेव्हा तरी मी समजायला हवे होते. मी चिमट्याने डबा बाहेर काढला, जमिनीवर ठेवला आणि इंजिनाच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर झाकणावर टेकवून वर दगड मारला. पोरगा ताटली घेऊन अगदी शेजारी उकिडवा बसला होता. फस्स असा मोठा आवाज झाला आणि उकळता रस्सा कारंज्यासारखा उडाला. माझ्या हातावर थोडा आला. बाकीचा त्याच्या उजव्या गालावर, मानेवर आणि दंडावर. त्याने मान वळवली म्हणून डोळा वाचला.

पुढे मी दुसरी चूक केली. म्हातारी आजी कळशी घेऊन "पाणी घाला, पाणी घाला" म्हणत धावली. मी तिला थांबवले. पाण्याने फोड येतात, असे कुठेतरी ऐकले होते. गड्याला पळवून दात घासायची पेस्ट आणवली आणि पोराच्या गालाला थापली. तालुक्याच्या डॉक्टरांना तीच पेस्ट पुसून काढावी लागली. तेव्हाची पोराची किंकाळी मी विसरलेलो नाही. डॉक्टर मला एवढेच म्हणाले, "म्हातारीचे ऐकले असतेत तर बरे झाले असते."

आता, हे झाले कसे ते शांतपणे पाहू. भाकरी फुगते ती आतल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. भाकरीचा पापुद्रा मऊ, तो फाटतो आणि वाफ निघून जाते. होळीत हिरवा वेळू टाकला की धाडकन वाजतो, तो पेरातली हवा आणि वाफ कोंडल्यामुळे. डबा हा पत्र्याचा वेळूच समजा. त्याला वाफ जायला कुठेही वाट नाही.

तुम्ही म्हणाल, कुकरमध्येही वाफ कोंडतेच की. खरे आहे. पण कुकरला शिट्टी आहे. आतला दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो झाला की शिट्टी उचलते. ती अडकलीच तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात पहिला कुकर बनवला, तेव्हाच वाफेला वाट ठेवावी लागते हे त्याच्या ध्यानात आले होते. डब्याला मात्र ना शिट्टी, ना व्हॉल्व्ह.

थोडा हिशेब करू. साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या डब्याच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते. आतला रस्सा १२० अंशांवर गेला, म्हणजे कुकरइतका तापला, तर त्या झाकणाला आतून सुमारे ४४ किलोचा रेटा बसतो. १५० अंशांवर गेला तर तोच रेटा दीड क्विंटलच्या पुढे जातो. निखाऱ्याची आच तर याच्या कितीतरी पट. तळहाताहून लहान पत्र्यावर दीड क्विंटल! सांधा केव्हा सुटेल याचा नेम नाही. आणि सांधा सुटला की शंभर अंशांच्या वर गेलेल्या रश्श्यातल्या पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ होतो आणि उरलेला घेऊन बाहेर झेपावतो. म्हणून फुगलेला डबा विस्तवातून काढला म्हणजे संकट टळले असे नाही. आमचा डबा विस्तवात फुटला नाही, तो मी फोडला.

मला पुष्कळ दिवस एक शंका होती. कारखान्यात हाच डबा सील करून १२० अंशांच्या आसपास तापवतात, म्हणजे आतले जंतू मरतात. मग तो तिथे का फुटत नाही? उत्तर सोपे निघाले. कारखान्यात डबे बंद पात्रात, बाहेरूनही वाफेच्या दाबाखाली ठेवलेले असतात. आतला रेटा आणि बाहेरचा रेटा एकमेकांना तोलतात, आणि निववतानाही हा तोल सांभाळतात. शेकोटीत आतून रेटा असतो, बाहेरून तोलायला काही नसते.

डबाबंद अन्नाची विद्या मुळात फौजेसाठीच वाढली. निकोला आपेर या फ्रेंच माणसाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची कृती १८१० साली पुस्तकरूपाने छापली. त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचे पेटंट निघाले. तेव्हापासून जिथे चूल नाही तिथे हा डबा गेला. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात, वर छोटी खोपी उभारतात आणि आत स्टोव्हवर डबे गरम करतात. तिथेही बंद डबा तापवण्याची चूक माणसे करतात. थंडीने हात आखडलेले असतात, भूक लागलेली असते, भांडे घरी राहिलेले असते. निफाडच्या बागेत काय निराळे होते?

त्या खोपीत आणखी एक वैरी असतो आणि तो आपल्याकडेही आहे. बंद जागेत शेगडी किंवा स्टोव्ह जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. धूर संपून निखारे लाल झाले म्हणजे घमेले आत घ्यायला हरकत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. धूर नसला तरी वायू असतोच. थंडीच्या रात्री मोटारीच्या खोलीत किंवा राखणीच्या झोपडीत पेटते घमेले घेऊन, दार लावून कोणीही झोपू नये.

आता डब्याविषयी चार गोष्टी सांगतो. घरातल्या मुलांना हे वाचून दाखवा.

डबा गरम करायचा असेल तर आधी पूर्ण उघडा, आतले अन्न पातेल्यात काढा आणि चांगले उकळा. भांडे नसेल तर गार खा, पोट भरेल. उघडा डबासुद्धा थेट निखाऱ्यावर ठेवू नका. पुष्कळ डब्यांना आतून लाखेसारखा पातळ लेप असतो, तो जळून अन्नात उतरतो. खव्यासारखे घट्ट करण्यासाठी आटीव दुधाचा बंद डबा पाण्यात उकळत ठेवण्याची टूम आहे, तीही नको. पाणी आटले आणि लक्ष राहिले नाही की तोच प्रकार.

चुकून बंद डबा विस्तवात पडलाच तर काठीने उकरायला जाऊ नका. सगळ्यांना लांब न्या, शक्य असेल तर लांबूनच विस्तवावर पाणी मारा आणि पूर्ण गार होईपर्यंत जवळ जाऊ नका.

विकत आणतानाच जो डबा फुगलेला, गळका किंवा सांध्यावर चेपलेला असेल तो घेऊ नका. न तापवता फुगला म्हणजे आत जंतू वाढून वायू धरला आहे. अशा अन्नात जीवघेणे विष असू शकते आणि ते चवीला कळेलच असे नाही. चाखूनही पाहू नका, जनावरांपुढेही टाकू नका.

हाच नियम ट्रॅक्टरच्या रेडिएटरला लावा. इंजिन तापलेले असताना झाकण फिरवू नका. कीटकनाशकाचे डबे आणि फवाऱ्याचे बंद कॅन कधीही शेकोटीत टाकू नका. ते फुटतात आणि वर विषारी धूर सोडतात.

आणि भाजलेच तर आजीचे ऐका. भाजलेल्या जागेवर स्वच्छ गार पाण्याची धार वीस मिनिटे धरा. बांगड्या, अंगठी, करदोटा सूज येण्याआधी काढा. पेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ यांतले काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेले फडके सैल झाकून दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते.

अण्णांनी मला त्या रात्रीबद्दल कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पुढच्याच आठवड्यात भुरीचे औषध विचारायला ते माझ्या कचेरीत आले आणि मी सांगितलेले त्यांनी वहीत उतरून घेतले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला हलके वाटले असते. आता अण्णा नाहीत, आजीही नाहीत.

तो पोरगा आज चाळिशीकडे झुकला आहे. बाग तोच पाहतो. बागेच्या कडेला त्याने चार तंबू ठोकले आहेत. थंडीत मुंबई-पुण्याची माणसे येतात, शेकोटी करतात, हुरडा खातात. गेल्या डिसेंबरात मी सहज गेलो होतो. शेकोटीपाशी एक पाटी दिसली. 'बंद डबा विस्तवात ठेवू नये. तंबूत शेगडी नेऊ नये. भांडी मागून घ्यावीत.' शेजारी मांडणीवर घासलेली पातेली पालथी घातली होती.

मी पाटी वाचत उभा राहिलो. तो चहा घेऊन आला. उजव्या बाजूने पाहिले की कानाखालचा तो चट्टा अजून दिसतो. म्हणाला, "साहेब, तुम्ही करप्यावर लिहिता, भुरीवर लिहिता. एकदा ह्याच्यावर पण लिहा ना."

म्हणून लिहिले. तुमच्याही मळ्यातल्या झोपडीत एक जुने पातेले आजच नेऊन ठेवा, आणि शेकोटीपाशी बसलेला कोणी शिकलेला माणूस "त्यात काय" म्हणाला, तर त्याला अण्णांचा प्रश्न पुन्हा एकदा विचारा.