सालबर्डीचं गरम पाणी आणि माझं गाळणं



माघ महिन्यात आम्ही दोघं एका दिवसाच्या सहलीला गेलो होतो. सकाळी मुक्तागिरी, दुपारी सालबर्डी, संध्याकाळी परत अमरावती. मुक्तागिरी माझ्या मनातली आणि सालबर्डी ह्यांच्या. ह्यांच्या बँकेतल्या एका जुन्या मित्राने सांगितलं होतं की सालबर्डीच्या गरम पाण्यात तीन-चारदा पाय बुडवले आणि गुडघ्याला आराम पडला. ह्यांचे दोन्ही गुडघे दोन वर्षांपासून गेलेत. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, "काका, आता गादी उरलेली नाही, बदलून घ्या." तेव्हापासून घरात तेल, लेप, काढे, पट्टे सगळं आलं, फक्त ऑपरेशनची तारीख आली नाही.

गाडी मी चालवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, पण अजूनही हे शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतात. दुखऱ्या गुडघ्याने!

पहाटे सहाला निघालो आणि उजाडता-उजाडता परतवाड्यात पोचलो. तिथून मुक्तागिरी चौदा-पंधरा किलोमीटर. मुक्तागिरी मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात येते, पण जायची वाट आपल्या परतवाड्यावरूनच. 1956 पर्यंत बैतूल आणि आपला वऱ्हाड एकाच राज्यात होते, त्यामुळे सासूबाई शेवटपर्यंत मुक्तागिरीला "आपल्याकडचीच" म्हणायच्या. निर्वाणकांडात मेढगिरी अचलपूरच्या ईशान्येला सांगितली आहे, तीच ही. साडेतीन कोटी मुनी इथून मोक्षाला गेले. ध्यानस्थ मुनींसमोर डोंगरावरून एक मेंढा पडला, मुनींनी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो मरून देव झाला, ही कथा तुम्हा सगळ्यांना पाठ असेलच.

मी पहिल्यांदा इथे आले ती आईच्या बोटाला धरून, शकुंतलेने. माझं माहेर मूर्तिजापूरकडचं. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती छोटी गाडी बनोसा, अंजनगाव, पथ्रोट करत इतकी सावकाश जायची की आई म्हणायची, गाडीत बसून दोन सामायिक होतात. आता ती बंद आहे. तेव्हा वाफेचं इंजिन होतं, मँचेस्टरचं. आमच्या पांढऱ्या फ्रॉकांवर कोळशाचे ठिपके पडायचे आणि आई डोंगराखाली आल्यावर आधी ते झटकायची.

बावन्न मंदिरं डोंगराच्या कुशीत, मधून धबधबा. माघात धार बारीकच होती. आमच्या लग्नानंतर आम्ही इथे किमान वीसदा आलो असू. दर वेळी हे पुढे आणि मी मागे. वरच्या वळणावर थांबून हे हाक मारायचे, "चल गं, देव वाट बघतायत." या वेळी पन्नासेक पायऱ्या चढून हे कठड्याला टेकले. डोलीवाल्याने विचारलं तर त्याला हातानेच नको म्हटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जाऊन ये. माझा अर्घ्य तूच चढव."

मी गेले. एकटी वर जायची ती पहिलीच वेळ. पार्श्वनाथांसमोर दोघांच्या वाटणीचे तांदूळ चढवले. पण खरं सांगते, दर्शनात मन लागलं नाही. प्रत्येक वळणावरून खाली बघत होते, पांढरी टोपी दिसते का ते. खाली आले तेव्हा हे एका लहान मुलाला मेंढ्याची गोष्ट सांगत बसले होते, आणि गोष्टीतला मेंढा जरा जास्तच उंचावरून पडत होता.

दुपारचं जेवण घरून नेलेलं, दशम्या, भोपळ्याची कोरडी भाजी आणि तिळाची चटणी. परतवाडा मागे टाकून चांदूर बाजार लागलं. इथे बाजार इतका भरलेला की गाडी गुरांच्या चालीने पुढे सरकली. पुढे रिद्धपूर. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचं हे गाव, आणि आता मराठी भाषेचं विद्यापीठही इथेच झालंय. ह्यांना उतरून बघायचं होतं, पण उतरण्याचाच प्रश्न, म्हणून खिडकीतूनच नमस्कार. मोर्शीकडे रस्ता वळला की दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे सुरू होतात. मृग बहाराची फळं झाडावर होती. एका बगीच्याच्या तोंडाशी माणूस बसला होता, त्याच्याकडून दोन डझन घेतली. "घरी नेऊन खा जी, आज थोडी आंबट लागतील," असं त्यानेच सांगितलं. विकणारा असं सांगतो हे फक्त आपल्या वऱ्हाडात.

आता सालबर्डी. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं मध्य प्रदेशात. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, गुहेतल्या महादेवाची. आम्ही गेलो तेव्हा यात्रेला अवकाश होता, म्हणून शांत होतं. कोकणातली वज्रेश्वरी, गणेशपुरी सगळ्यांना माहीत असतात, फार तर पैनगंगेकाठचं उनकेश्वर. आपल्या जिल्ह्यातही गरम झरा आहे हे मात्र आपल्यातल्याच पुष्कळजणींना ठाऊक नसेल. सातपुड्याच्या या कडेने जमिनीत एक लांबच लांब भेग आहे, तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. पावसाचं पाणी खोल मुरतं, तिथे तापतं आणि अशा भेगांतून वर येतं.

आणि इथे माझी अडचण सुरू होते.

मी लग्नाआधीपासून न गाळलेल्या पाण्याने आंघोळ करत नाही. नदी, तलाव, कुंड यांत उतरत नाही. माहेरी आमची विहीर खारपाणपट्ट्यातली. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं, हे तुम्हाला माहीत आहेच. खारं पाणी वापरायला आणि गोडं पाणी लांबून आणून प्यायला. आई दोन्ही पाणी वेगवेगळ्या गाळण्यांनी गाळायची आणि दोन्हींची जिवाणी वेगळी ठेवायची. खाऱ्याची जिवाणी खाऱ्या विहिरीत, गोड्याची गोड्या विहिरीत. वरून फेकायची नाही, बादली पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग उलटवायची. मी बी.कॉम.ला जमा-खर्च शिकले तेव्हा मला हेच आठवलं. ज्याच्या खात्यातून घेतलं त्याच्याच खात्यात परत टाकायचं. दुसऱ्याच्या खात्यात टाकलंत तर ताळेबंद जुळेल, पण बिचारे जीव मरतील.

मग गरम झऱ्याचं काय? आपण पाणी उकळून प्रासुक करतो. जे पाणी पृथ्वीनेच तापवून दिलं ते प्रासुक का? हा प्रश्न माझा नाही, सासूबाईंचा. शिखरजीच्या यात्रेत आम्ही राजगीरला गेलो होतो. पाच पहाड झाले आणि वैभारगिरीच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या कुंडावर ही गर्दी! आमच्यातल्या काही बायकाही उतरल्या. सासूबाई काठावर बसून राहिल्या आणि संघातल्या ब्रह्मचारिणी ताईंना त्यांनी हे विचारलं. ताई म्हणाल्या, तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात नऊ योनी सांगितल्यात, त्यांत शीत आहे तशी उष्णही आहे. काही जीव उष्णातच जन्मतात. पुढे एका श्वेतांबर मैत्रिणीकडून कळलं की भगवती सूत्रात तर याच वैभाराच्या गरम झऱ्याबद्दल गौतमस्वामींनी विचारलंय, आणि भगवंतांनी सांगितलंय की तिथे उष्णयोनीचे जीव पाण्याच्या रूपाने येतात आणि जातात.

माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. तिला मी हे सांगितलं तर ती हसली नाही, उलट खूश झाली. तिने सांगितलं की 1966 साली अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला जिवाणू सापडले, सत्तर अंशांच्या आसपास मजेत वाढणारे. तोवर इतक्या गरम पाण्यात कोणी जगत असेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. त्याच जिवाणूतल्या एका द्रव्यावर पुढे पीसीआर तपासणी उभी राहिली, म्हणजे करोनात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घातली ती. यावरून आगमात जिवाणूच सांगितलेत असं मी म्हणणार नाही, अप्काय आणि जिवाणू एक नव्हेत. पण गरम पाणी म्हणजे निर्जीव पाणी, हे मात्र मी आता धरत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी कुंडाच्या काठावर उभी. हे चपला काढून पायरीवर बसले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि माझ्याकडे बघितलं. पाय घातले नाहीत. चव्वेचाळीस वर्षांत मी ह्यांना माझे नियम पाळायला लावलेले नाहीत. रात्री जेवत नाहीत ते माझ्या नियमामुळे नाही, माझ्या स्वयंपाकघराच्या वेळापत्रकामुळे. घातले असते पाय तर मी काहीच म्हणाले नसते. पण हे म्हणाले, "तुला नको वाटत असेल तर राहू दे. परत जाऊ."

मैत्रिणींनो, मला स्वतःची लाज वाटली. माणूस सकाळी पन्नास पायऱ्यांवर हरला होता, आणि इथे माझ्या तोंडाकडे बघत बसला होता.

गाडीच्या डिकीत माझी बादली, तांब्या आणि गाळणं कायम असतं. ते घेऊन आले. गाळणं दुहेरी करून बादलीवर बांधलं आणि तांब्या-तांब्याने कुंडातलं पाणी गाळलं. हाताला लागलं ते बाळाच्या आंघोळीच्या पाण्यासारखं. बाजूला पोहणारी पोरं थांबून बघायला लागली. त्यातला एक म्हणाला, "काकू, पाणी साफच हाये जी. गाळता काऊन?"

"पाणी साफ करायला नाही रे, त्यात कोणी राहत असेल तर त्याला घरी पाठवायला," मी म्हटलं. पोराला ते पटलं असावं, कारण त्याने जिवाणी सोडायला मला हात धरून खालच्या पायरीपर्यंत नेलं.

मग मी ह्यांच्या गुडघ्यांवर पाणी घातलं, आधी उजव्या, मग डाव्या. बादली संपली की परत गाळायचं. चार बादल्या झाल्या. पाणी थोडकं वापरावं हाही आपलाच धर्म, तो त्या दिवशी थोडा बाजूला पडला, हे कबूल करते. नंतर त्याची आलोचना केली.

तिसऱ्या बादलीला हे म्हणाले, "बरं वाटतंय. पण यानं गादी परत येणार नाही ना गं?"

"नाही. गरमीनं स्नायू सैल होतात, तेवढंच," मी म्हटलं.

थोड्या वेळाने खाली बघत म्हणाले, "मला ऑपरेशनची भीती वाटते. भुलीची. दादा असाच आत गेला होता."

थोरले दीर जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं ऑपरेशन हृदयाचं होतं, गुडघ्याचं नाही, वय वेगळं, प्रकृती वेगळी. हे सगळं मला सांगता आलं असतं, आणि दोन वर्षं मी तेच सांगत होते. ह्यांना आळस आहे, पैशाचा विचार आहे, हट्ट आहे, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. भीती हा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी काही बोलले नाही. चौथी बादली गाळायला घेतली.

साडेचारला निघालो. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून मोर्शीच्या पुढे एका बाभळीखाली गाडी उभी केली. उरलेल्या दशम्या आणि बगीच्यातली संत्री. खरोखरच आंबट होती. ह्यांनी एक सोलून अर्धं मला दिलं आणि विचारलं, "त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी नुसतं भेटता येतं का? बोलायला?"

"येत असेल. उद्या फोन करून विचारते."

"मी विचारतो," हे म्हणाले. मग पाणी पिऊन आम्ही त्याग घेतला, आणि मी गाडी सुरू करायच्या आत ह्यांचा पाय त्या नसलेल्या ब्रेकवर गेला.